टाका मारताना डोळे उघडे: ऑटो डार्क हेल्मेट, 14 महिने वापरून

तासगावात माझं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी वेल्डिंगकामाचं, छोटं दुकान आहे. गेट, खिडक्या, ट्रॉलीची दुरुस्ती असतेच, पण पोट भरतं ते द्राक्षबागांच्या मंडपाच्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर. एका अँगलला चार-पाच टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे जोड, आणि एका बागेला शेकडो अँगल. आता एका हातात वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात अँगल, तर काळी काच धरायची कुठल्या हातानं? म्हणून आमच्याकडं सगळे तेच करतात. नेम धरायचा, डोळे मिटायचे, मान फिरवायची, टाका मारायचा. मी पंधरा वर्षं असंच केलं.

त्याची किंमत रात्री कळायची. दिवसभर काही वाटत नाही, पण एक-दोनच्या सुमाराला डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडं बघवत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सांगितलं की आर्कमधल्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोतातल्या, अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि ते जाणवायला काही तास लागतात. डोळा मिटेपर्यंत उजेड आत गेलेला असतो. बटाट्यानं गार वाटतं एवढंच. बधिर करणारे थेंब कुणाकडून मागून घालत राहिलात तर जखम आणखी चिघळेल, हेही त्यांनी बजावलं.

त्याच आठवड्यात सांगलीच्या हार्डवेअर दुकानातून 1,800 रुपयांना हे आपोआप काळ्या होणाऱ्या काचेचं हेल्मेट आणलं. एरवी त्याची काच फिकट हिरवी असते, शेड 4 (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा आकडा). आतून अँगल, खूण, रॉडचं टोक सगळं दिसतं. आर्क पेटली की सेकंदाच्या 25 हजाराव्या भागात काच काळी होते, असं खोक्यावर छापलंय. आपल्याला तो बदल कळतसुद्धा नाही. शेड 9 ते 13 फिरवून लावता येते. अडीच मिलीमीटरचा रॉड 80 अँपिअरवर असेल तर मी 10 ठेवतो, 3.15 चा 120 वर असेल तर 11. दोन्ही हात मोकळे राहतात, डोळे उघडे राहतात, आणि टाका जिथं हवा तिथंच बसतो. चौदा महिन्यांत एकदाही रात्री उठून बसलो नाही.

खरा फरक भाच्याच्या शिकण्यात दिसला. त्याचा रॉड सारखा चिकटायचा आणि मी अँपिअर वाढव म्हणून ओरडायचो. खरं तर काळ्या काचेतून त्याला रॉडचं टोकच दिसत नव्हतं, बिचारा अंदाजानं आपटत होता. हेल्मेट घातल्यावर काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढायला शिकला. आर्क पेटली की रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं, रॉड ओढायच्या दिशेला दहा-पंधरा अंश कलता धरायचा आणि उजेडाकडं न बघता मागच्या वितळलेल्या लोखंडाच्या रसाकडं बघायचं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मामा, रस वेगळा आन् स्लॅग वेगळा दिसतोय की!” स्लॅग म्हणजे रसावर तरंगणारा मळ. ज्याला हे दिसलं त्याच्या जोडात स्लॅग सहसा अडकत नाही.

आता तक्रारी. याला सेन्सर दोनच आहेत. ट्रॉलीखाली झोपून काम करताना मध्ये चॅनेल आडवा आला की सेन्सरला आर्क दिसत नाही आणि काच उजळते. चांगल्या फिल्टरमध्ये अतिनील किरण काच उजळ असतानाही अडतात, पण डोळ्यांवर जो लखकन उजेड येतो तो नको वाटतो. अशा जागी मी अजून हातात धरायची जुनी काळी काच, हँड स्क्रीनच घेतो. अंगणात उन्हात काम असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते, नाहीतर उन्हानंच काच काळी होते. बॅटरी आत बंद आहे, संपली की बदलता येणार नाही. पुढची प्लॅस्टिकची काच ठिणग्यांनी महिन्या-दीड महिन्यात धुरकटते. घेतानाच चार-पाच जादा मागून घ्या.

हेल्मेट घातलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. धूर ते अडवत नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप असेल तर जोडाजवळचा तो थर ग्राइंडरनं काढा आणि वाऱ्याकडं पाठ करून नका बसू, धूर तोंडापुढंच घोळतो. वारा आडवा येऊ द्या. तो धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि दूध पिऊन तो टळत नाही. पावसाळ्यात ओले हातमोजे घालून रॉड बदलू नका, आर्क बंद असली तरी होल्डरमध्ये साठ-सत्तर व्होल्ट असतात. टेरिकॉटचा शर्ट नको, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. आणि दुकानासमोर पोरं बघत उभी राहतात त्यांच्यासाठी मी ताडपत्रीचा पडदा लावलाय.

भाच्यासाठी गेल्या महिन्यात दुसरं आणलं, चार सेन्सरचं, बॅटरी बदलता येणारं, 2,600 रुपयांचं. रोज सकाळी तो ते हातात धरून उन्हाकडं करतो, काच काळी झालेली बघतो आणि मगच मशीनचं बटण दाबतो.