परदेशी साइटवरचे समुपदेशन : सहा सत्रांनंतर

परदेशातील प्रकल्पांवर काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी आमच्या कंपनीने गेल्या वर्षी समुपदेशनाची सेवा घेतली. ॲपवर वेळ ठरवायची, समुपदेशकाशी ५० मिनिटे बोलायचे, वर्षाला अशी ६ सत्रे आणि खर्च कंपनीचा. माझी सहाही सत्रे संपली आहेत. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातले बहुतेक दोष अशा इतर सेवांतही असावेत, अशी मला शंका आहे.

नोंदणी करताना १० प्रश्नांची प्रश्नावली भरावी लागते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या ताणमापन पट्टीचे हे आटोपशीर रूप असून ० ते ४० असे गुण मिळतात. माझे २७ आले. ताण किती आहे हे ती ठीक सांगते, पण तो कशाचा आहे हे विचारत नाही. त्यामुळे शटरिंग (ओले काँक्रीट पेलणारा साचा) बसल्याने झोप उडालेला आणि घरच्या आजारपणाने झोप उडालेला, दोघांनाही पहिल्या सत्रात एकच सल्ला मिळतो.

मला मिळालेला सल्ला असा होता, की रात्री ९ नंतर फोन बंद ठेवावा. उष्ण हवेत मोठे काँक्रीटिंग रात्रीच करतात, आणि काँक्रीटच्या दोन गाड्यांमध्ये फार खंड पडला तर आधीचा थर आवळून कोल्ड जॉइंट, म्हणजे दोन थरांमधला कच्चा सांधा, तयार होतो, हे त्या समुपदेशक बाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या सत्राच्या वेळी मी साइट केबिनमध्ये होतो, बाहेर राफ्टचे (पायाच्या सलग स्लॅबचे) काम चालू होते आणि टेबलावरचा वॉकीटॉकी अधूनमधून खरखरत होता. श्वासावर लक्ष द्या, असे त्या सांगत असतानाच नव्या गाडीचा स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचे माप) जास्त येत असल्याचा निरोप आला. मी क्षमा मागून उठलो आणि गाडी परत पाठवून २० मिनिटांनी आलो, तोवर कॉल संपला होता. ते सत्र ‘पूर्ण’ म्हणून मोजले गेले, आणि तक्रार केल्यावर नियमावलीतला एक परिच्छेद पाठवण्यात आला.

तिसऱ्या सत्रापासून समुपदेशक बदलले आणि सेवेचे खरे मोल तिथून कळले. या गृहस्थांनी दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. ताण जाणवला ती वेळ, कारण, आणि त्या बाबतीतला निर्णय कोणाच्या हातात होता, असे तीन रकाने. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा कमी असेल तर ताण सर्वाधिक असतो, असे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले होते. माझ्या वहीचा तिसरा रकाना त्याचाच पुरावा निघाला. मला वाटत होते की मी काँक्रीटला घाबरतो. प्रत्यक्षात बहुतेक नोंदी कागदांच्या होत्या. ड्रॉइंगची मंजुरी कन्सल्टंटकडे अडलेली आणि साप्ताहिक बैठकीत उशिराचा खुलासा मात्र माझ्याकडे! त्यात आमचा करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुन्यावर आधारलेला. दाव्याचे कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही, तर वाढीव मुदतीवरचा हक्क जातो. हे दिवस मी रात्री अंथरुणात मोजत असे. यावर उपाय श्वासाचा नव्हता. करार विभागासोबत नोटिसांची एक नोंदवही सुरू केली आणि ते मोजणे थांबले.

उलट, क्यूबच्या (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या) ताकदीच्या चाचणीचेही २८ दिवसच असतात (आमच्या धंद्याला या आकड्याचे काय वेड आहे कोण जाणे), पण तिथे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. अशा ठिकाणी त्यांनी शिकवलेला सराव खरोखर कामी आला. काय बदलता येते आणि काय नुसते सोसायचे आहे, ही फोड ज्याला करता येते तोच समुपदेशक आमच्या उपयोगाचा.

परदेशस्थपणाच्या बाबतीत मात्र सेवा तोकडी पडते. ‘नोकरी बदलण्याचा विचार केला आहे का?’ हा प्रश्न, राहण्याचा परवानाच मालकाशी बांधलेला असलेल्या माणसाला विचारून काय साधते? कुटुंबासाठी एकही सत्र नाही, जरी परदेशी गेलेला माणूस तिथे टिकतो की नाही हे पुष्कळदा कुटुंबाच्या रुळण्यावर अवलंबून असते. मातृभाषेत बोलण्याची सोयही नाही. ‘घुसमट’ या शब्दासाठी मी इंग्रजीत तीन वाक्ये खर्च केली आणि तरी समुपदेशक ‘दमा आहे का?’ असे विचारते झाले.

गोपनीयतेबद्दलही सावध राहावे. कंपनीला केवळ एकत्रित आकडे मिळतात, असे सांगितले जाते. मोठ्या कार्यालयात ते पुरेसे असेल. आमच्या साइटवर बाहेरून आलेले अभियंते ७ आहेत, तिथे एकत्रित आकड्यातला माणूस ओळखायला कितीसा वेळ लागणार?

तरीही ही सेवा मिळत असेल तर जरूर घ्यावी, फक्त प्रकल्पाच्या कामाची जाण असलेला समुपदेशक आग्रहाने मागावा आणि वेळ सुटीच्या दिवशीची घ्यावी. कंपनीने मात्र हिच्यावर भागवू नये. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयीचे आयएसओ ४५००३ हे २०२१ चे मार्गदर्शक मानक कामाचा भार, कामाचे तास आणि निर्णयाची मुभा यांनाच जोखमीची कारणे मानते. आमच्या कंपनीच्या सुरक्षा अहवालात या मानकाच्या उल्लेखापुढे समुपदेशनाच्या ॲपचे चित्र छापले आहे. रात्रीच्या काँक्रीटिंगसाठी दोन अभियंत्यांच्या पाळ्या लावाव्यात, हा वहीतल्या नोंदी जोडून केलेला आमचा अर्ज अजून मंजुरीसाठी पडून आहे.