सेंद्रिय बदाम, डीपी आणि बँकेचा खोटा पत्ता

सेंद्रिय बदाम-अक्रोड निर्यात करणाऱ्यांना परदेशातून रोज चौकशीच्या ईमेल येतात. त्यातली एक आम्हाला कंटेनरभर बदामाला पडली.

खरेदीदार युरोपातला. लेटरहेडवर एका चालू कंपनीचं नाव, ईमेलच्या पत्त्यात मात्र एक आडवी रेघ जास्त. भावात घासाघीस नाही. अडून बसला तो पेमेंटवर: एलसी (बँकेची पैशांची हमी) जमणार नाही, डीपी (बँकेमार्फत, पैसे दिल्यावरच कागद) करा, बाकीचे सगळे डीपीवरच देतात. स्पर्धा एवढी आहे की हे वाक्य बरोबर वर्मी लागतं. बाग सेंद्रिय ठरायला तीन वर्षं जातात, तोवर माल साध्या भावात जातो. त्यानंतर आलेलं थेट गिऱ्हाईक कोण सोडतो?

डीपीत बीएल (शिपिंग लाइनची मालाची पावती; मूळ प्रत आणेल त्याला माल मिळतो) आणि बाकीचे मूळ कागद आपली बँक तिकडच्या बँकेला पाठवते, ती पैसे घेऊन मगच ते खरेदीदाराला देते. गोम अशी, की त्या बँकेचा पत्ता बहुतेक वेळा खरेदीदारच कळवतो. आमच्या बाबतीत बँकेचं नाव खरं, स्विफ्ट कोड (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतला तिचा कोड) खरा, पत्ता भाड्याच्या ऑफिसचा. कुरिअरच्या पोचपावतीवर नुसता एक फराटा. पैशांसाठी तगादा लावल्यावर त्या बँकेचं उत्तर आलं: कागद मिळालेले नाहीत, हा आमचा खातेदारही नाही. तोवर ट्रॅकिंगवर आमचा कंटेनर रिकामा होऊन यार्डात परतल्याची नोंद होती. शिपिंग लाइन म्हणाली, मूळ बीएल आणली, माल दिला. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे.

यात नवीन काही नाही. 2022 मध्ये इटलीला निघालेल्या व्हिएतनामी काजूच्या 36 कंटेनरचे मूळ कागद असेच निर्यातदारांच्या हातून निसटले होते. तिथेही व्यवहार डीपीचाच.

सेंद्रिय मालात मात्र चोर आधीच ओळखू येतो. हा पठ्ठ्या म्हणाला होता, "सीओआय (खेपेचं सेंद्रिय तपासणी प्रमाणपत्र) राहू द्या, वेळ जातो, आम्ही साधा माल म्हणून सोडवून घेऊ." युरोपात सेंद्रिय म्हणून विकायचं तर ट्रेसेसवर (युरोपियन युनियनची ऑनलाइन नोंदप्रणाली) सीओआय लागतंच. ते माल देशाबाहेर पडण्याआधी काढावं लागतं, मागाहून मिळत नाही. शिवाय आयातदाराकडे स्वतःचं सेंद्रिय प्रमाणपत्र लागतं. सीओआय नसलेला माल तिकडे साधाच ठरतो. मग सेंद्रियचा चढा भाव कोण कशाला मोजेल? ज्याला मोजायचाच नाही, तोच. अमेरिकेचं गिऱ्हाईक असेल तर तिथेही 19 मार्च 2024 पासून सेंद्रिय मालाला इम्पोर्ट सर्टिफिकेट सक्तीचं आहे. ते नको म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आणखी एक. खरा खरेदीदार आधी अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीतून येणाऱ्या विषाचा) रिपोर्ट मागतो, कारण खाण्यासाठी तयार बदामात युरोपची मर्यादा त्यातल्या बी-1 प्रकारासाठी किलोमागे 8 आणि एकूण 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि ती ओलांडली तर माल सीमेवरच अडतो. याने सॅम्पलसुद्धा मागितलं नाही.

डीपी करावंच लागलं, तर तिकडच्या बँकेचा पत्ता आपल्या बँकेलाच तिच्या डिरेक्टरीतून काढायला लावा आणि कागद पाठवण्याआधी, हा तुमचा खातेदार आहे का, असा स्विफ्ट संदेश धाडायला सांगा. आयातदाराचं प्रमाणपत्र ट्रेसेसवर कुणालाही बघता येतं. त्यावरचा पत्ता आणि ऑर्डरवरचा पत्ता शेजारी ठेवून वाचा.