प्रेग्नन्सी योगाचा ऑनलाइन कोर्स: चौथ्या ते नवव्या महिन्याचा अनुभव (आणि त्या स्ट्रेस स्कोअरबद्दल)

डिलिव्हरी होऊन गेली तरी सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं आणि पैसे कापले गेले, म्हणून आज लिहायला बसले. कोर्समध्ये काय काय असतं, कोणती आसनं घेतात, हे इथे बहुतेकींना माहीत आहे, ते परत सांगत नाही. योगाला माझ्याकडून पूर्ण गुण. कोर्ससोबत गळ्यात मारलेल्या मनगटी पट्ट्याच्या ‘स्ट्रेस स्कोअर’ला शून्य, आणि मला मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलायचंय.

हा पट्टा नाडी मोजतो, दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते बघतो आणि त्यावरून तणावाचा आकडा काढतो. एरवी ठीक आहे. पण गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, बसल्या जागी नाडी मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी जास्त पडते, आणि ठोक्यांमधला तो चढउतारही कमी होतो. अगदी निरोगी बाईतही हे होतं. पट्ट्याच्या हिशेबात हे धरलेलंच नाही! त्यामुळे सातव्या महिन्यात जवळपास रोज सकाळी लाल आकडा आणि खाली ओळ: ‘तुमचा तणाव वाढला आहे’. रात्री झोप झालेली असायची, मन ठिकाणावर असायचं, आणि ती ओळ वाचून मात्र छातीत धडधड सुरू व्हायची. पोटात बाळ असताना बाईला असं काही वाचायला देणं मला अक्षम्य वाटतं.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, पट्टा घट्ट बांधा. पुन्हा लिहिलं की कोर्सच गरोदर बायकांचा आहे, कितवा आठवडा चालू आहे तेही ॲपला माहीत आहे, मग स्कोअर काढताना ते का वापरत नाही? त्यावर ‘आमची पद्धत प्रमाणित आहे’ एवढं कळवून तक्रार बंद केली.

त्या दिवसांत माझं मत असं झालं होतं की योगाने फक्त बरं वाटतं, शरीरावर परिणाम काही नाही. ते मत आता राहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी कॉर्टिसोलचं, म्हणजे तणावात वाढणाऱ्या संप्रेरकाचं, गणित समजावून सांगितलं. एरवी हे संप्रेरक वाढलं की मेंदू त्याला लगाम घालतो. गरोदरपणात मात्र वार (प्लॅसेंटा) स्वतःच कॉर्टिसोल वाढवणारं संप्रेरक तयार करते, आणि कॉर्टिसोल वाढलं की वार ते संप्रेरक आणखी सोडते. शेवटच्या तिमाहीपर्यंत रक्तातलं एकूण कॉर्टिसोल दुपटीहून जास्त, कधी चौपटीपर्यंत जातं. ते हवंही असतं, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला त्याची मदत होते. शिवाय त्यातलं बरंचसं वारेतच निष्क्रिय होतं, बाळापर्यंत थोडंच पोचतं. म्हणजे योगाने कॉर्टिसोल आधीच्या पातळीवर येईल ही अपेक्षाच चुकीची.

परिणाम दिसतो तो वर्गानंतर लगेच. ब्रिटनमध्ये 2014 साली आणि तैवानमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत सत्राच्या आधी आणि नंतर लाळ तपासली, तेव्हा सत्रानंतर कॉर्टिसोल उतरलेलं दिसलं. बंगळुरूच्या 2009 सालच्या अभ्यासात तर बायकांनाच प्रश्नावली देऊन तणाव विचारला होता. योगा करणाऱ्या गटात तो सुमारे 32 टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्या गटात थोडा वाढला. बाईला विचारणं ही किती साधी गोष्ट आहे, आणि आमच्या ॲपने महिनोन्‌महिने मला एकदाही विचारलं नाही.

कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लांब उच्छ्वास. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, मध्ये कुठेही रोखायचा नाही. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला सावकाश चालवते, म्हणून सोडणं लांबवायचं. आठव्या महिन्यात तपासणीला बीपी जास्त आलं. सिस्टर म्हणाल्या, “बसा जरा, परत बघू.” दंडावरचा बीपीचा पट्टा तसाच होता, हात गार पडले होते. मी डोळे मिटून ओठांतून हळूहळू हवा सोडत राहिले. आधी खांदे खाली आले, मग दातांवर दात घट्ट बसले होते ते सुटले. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बीपी उतरलेलं होतं. नुसतं शांत बसूनही ते थोडं उतरतंच, हे मला माहीत आहे. पण तिथे काय करायचं हे माझ्या शरीराला ठाऊक होतं, आणि कळा सुरू झाल्यावरही तेच कामी आलं.

कपालभाती, भस्त्रिका (जोरजोरात श्वास) आणि कुंभक (श्वास रोखणं) कोर्समध्ये ठेवले नव्हते, हे चांगलं केलं. शवासनाचं मात्र चुकलंय. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणं झोपलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे रक्त कमी परततं आणि गरगरतं. तरी रेकॉर्डिंगमधल्या बाई उताण्याच झोपलेल्या, आणि कुशीवर वळायची सूचना एका वाक्यात उरकलेली. मी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली एक, असं करायचे. शेवटची विश्रांती पाच मिनिटांत गुंडाळतात, ती व्हिडिओ संपल्यावरही चालू ठेवा.

पैसे घालायचे तर जिवंत शिक्षिका समोर असलेल्या वर्गात घाला, नुसत्या रेकॉर्डिंगला एवढे देऊ नका. पट्टा घेऊच नका, चटई आणि दोन उशा पुरतात. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्त किंवा पाणी गेलं, गरगरलं, छातीत दुखलं तर तिथेच थांबून फोन करा. योगा नियमित चालू असूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, झोप लागेना, कशातच जीव रमेना, तर आसनं वाढवत बसू नका. त्यावर उपचार आहेत आणि ते गरोदरपणातही घेता येतात, पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.