घरच्या राउटरवर क्वाड-नाइन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने माझ्या घरातील सर्व उपकरणांची डीएनएस विचारणा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधण्याची (नाव ‘उलगडण्याची’) विनंती, क्वाड-नाइन या सेवेकडे एनक्रिप्ट होऊन जाते. सेवेबद्दल माझे मत निःसंशय चांगले आहे. मात्र ती घरात नीट बसवण्यासाठी जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढी बहुतेक जण घेत नाहीत.

राउटरच्या सेटिंगमध्ये ९.९.९.९ हा पत्ता आणि पर्यायी म्हणून १४९.११२.११२.११२ भरले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. त्याने उत्तर देणारा तेवढा बदलतो. विचारणा पूर्वीप्रमाणेच पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे एकेका प्रकारच्या वाहतुकीसाठी ठरलेला क्रमांक) उघड्या मजकुरात जाते आणि इंटरनेट पुरवठादाराला ती वाचता येते, उत्तर बदलताही येते. ती झाकण्यासाठी राउटरला ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ किंवा ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ यांपैकी एक पद्धत यावी लागते. दोन्हींत टीएलएस हीच एनक्रिप्शनची पद्धत असते. पहिली पोर्ट ८५३ वापरते, दुसरी ४४३ वापरत असल्याने इतर वेब वाहतुकीत मिसळून जाते. मी पहिली निवडली, कारण काही बिघडले तर स्वतंत्र पोर्टमुळे ते चटकन दिसते.

क्वाड-नाइन निवडण्यामागे मुख्य कारण तिची संस्थात्मक घडण हे होते. २०१७ साली सुरू झालेली ही सेवा नफ्यासाठी चालत नाही, २०२१ पासून तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि विचारणाऱ्याचा आयपी पत्ता साठवायचा नाही हे तिचे जाहीर धोरण आहे. फसव्या व घातक संकेतस्थळांची नावे ती मुळातच उलगडत नाही आणि डीएनएसएसईसीची, म्हणजे उत्तर वाटेत बदललेले नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची, पडताळणीही करते. जाहिराती मात्र ती अडवत नाही. तशी अपेक्षा असणाऱ्याने घरात वेगळी व्यवस्था करावी.

सर्वांत अवघड अडचण सेवेत नव्हती, माझ्या राउटरच्या घड्याळात होती. या राउटरला बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे वीज जाऊन आली की तो कित्येक महिने मागच्या तारखेला जागा होतो. तारीख चुकीची असल्याने सर्व्हरची ओळख पटवणारे टीएलएसचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते, म्हणून डीएनएस सुरू होत नाही. आणि डीएनएस नसल्याने वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव उलगडत नाही. हा तिढा माझ्या ध्यानात यायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी वेळेच्या सर्व्हरचा आकडी पत्ता थेट भरला आणि प्रश्न सुटला.

दुसरी अडचण आयपीव्ही६ ची, म्हणजे जुन्या आयपीव्ही४ सोबत चालणाऱ्या नव्या पत्ता-पद्धतीची. आयपीव्ही४ च्या बाजूने सर्व चोख असतानाही राउटर आयपीव्ही६ मधून पुरवठादाराचाच डीएनएस पत्ता उपकरणांना जाहीर करत होता, आणि फोन निमूटपणे तोच वापरत होते. राउटरने स्वतःचाच पत्ता जाहीर करावा, तसेच पोर्ट ५३ वर बाहेर जाऊ पाहणारी प्रत्येक विचारणा स्वतःकडे वळवावी, हे दोन्ही केल्यावरच राउटरबाहेर पडणाऱ्या पॅकेटांत उघडी विचारणा दिसेनाशी झाली. ही तपासणी प्रत्येकाने करावी असे मी आग्रहाने सांगेन.

वेगाबाबत तक्रार नाही. एकदा जोडणी झाली की तीच पुन्हा वापरली जाते आणि नेहमीची नावे राउटरच्या साठ्यातूनच मिळतात. तुमच्या नेटवर्कच्या पत्त्याचा भाग ९.९.९.९ पुढे कळवत नसल्याने क्वचित संकेतस्थळाचा मजकूर पुरवणारा जवळचा सोडून दूरचा सर्व्हर वाट्याला येऊ शकतो. वेगाला गोपनीयतेपेक्षा अधिक महत्त्व देणाऱ्यांसाठी तो भाग पुढे कळवणारा ९.९.९.११ हा पर्याय आहे.

पुरवठादारापासून सर्व काही लपते असे मात्र समजू नये. ज्या पत्त्याशी जोडणी होते तो त्याला दिसतोच, आणि टीएलएसच्या सुरुवातीला संकेतस्थळाचे नावही बहुधा उघडेच जाते. शिवाय जो विश्वास पूर्वी पुरवठादारावर होता, तो आता क्वाड-नाइनवर ठेवावा लागतो. मी तो जाणीवपूर्वक ठेवला आहे.

घराबाहेर ही राउटरची व्यवस्था साहजिकच सोबत येत नाही. अँड्रॉइड ९ व त्यापुढील फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सेटिंगमध्ये सेवेचे होस्टनेम (तिच्या सर्व्हरचे नाव) भरले की तेथेही एनक्रिप्शन टिकते. फक्त सार्वजनिक वाय-फायचे लॉगिन पान उघडत नसेल, तर लॉगिन होईपर्यंत ते सेटिंग बंद ठेवून नंतर आठवणीने पुन्हा सुरू करावे.