श्रीलंकेत शहीद झालेल्यांच्या घरी ‘भरपाई’चा फोन आला तर

2,16,010 रुपये. ‘भरपाई’च्या खोट्या फोनवर आमचे एवढे गेले. आकडा पूर्ण लिहितोय. घरचे म्हणतात, गेले दोनेक लाख, चारचौघांत वाच्यता नको. मी करणार. मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेर, मुरार, भिंड, मुरैना या पट्ट्यात फौजी घरांना तोटा नाही, आणि फसवणाऱ्या टोळीच्या हातात अशा घरांची यादी आहे हे मला पक्कं ठाऊक झालंय.

माझा थोरला भाऊ ऑक्टोबर 1987 मध्ये जाफन्याला गेला तो गेलाच. 29 जुलैला भारत-श्रीलंका करार झाला, शांतता राखायला म्हणून आपली फौज उतरली आणि अडीच महिन्यांत तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी लढू लागली. दुसऱ्यांच्या यादवीत आपले साडेअकराशेच्या वर जवान कामी आले. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांच्या. पेन्शन लागली, आजही येते. पण कारगिलनंतर शहिदांच्या घरांना लाखांच्या रकमा मिळाल्या, पेट्रोल पंप मिळाले, तसं 1987 च्या घरांना काय मिळालं? त्यामुळे ‘तुमचं राहून गेलेलं देणं आहे’ असा फोन आला तेव्हा आम्हाला ती थाप वाटली नाही, उशीर वाटला. याला कुणी लोभ म्हणू नये.

बोलणारा गोड, वाक्यागणिक ‘माताजी’. भावाचा आर्मी नंबर, पलटण, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक सगळं तोंडपाठ. (हयातीच्या दाखल्यासाठी ऑनलाइनवाल्याच्या दुकानात पीपीओची झेरॉक्स राहिली होती. माझा संशय तिथेच. झेरॉक्स परत मागून घ्या.) म्हणाला, श्रीलंकेत भरपाईचं कार्यालय निघालंय, शहिदाच्या पत्नीला 14,80,000 रुपये मंजूर आहेत. सोबत कोलंबोजवळच्या शांतिसेना स्मारकाचा फोटो. पुतण्याने गूगलवर शोधलं तर कार्यालय खरं, 2018 चा कायदा खरा, स्मारकही खरं. खोटी फक्त आमची फाइल! ते कार्यालय तिथल्या युद्धात होरपळलेल्या तिथल्या माणसांसाठी आहे. आपल्या जवानाच्या घरचं काही निघालंच तर ते आपल्या संरक्षण खात्याकडून, ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेमार्फत, थेट पेन्शनच्या खात्यात येतं. त्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही.

त्याने पाठवलेल्या पत्रात शांतिसेना 1991 पर्यंत होती असं छापलेलं. शेवटची तुकडी मार्च 1990 मध्ये परतली हे आमच्या घरात पोराटोरांनाही माहीत. पण सरकारी कागदात एवढी तेवढी चूक असायचीच, नाही का? उलट चूक होती म्हणून जास्त सरकारी वाटलं.

फाइलचे 2,150 भरले. परकीय चलनाचे 18,500 भरले. मग आला टीडीएस, 47,360.

‘इथं तरी थांबायचं’ हे मला आता सगळे ऐकवतात. अरे, मी नोकरीभर वीज मंडळात पगारबिलं केली! पैसे देणारा आधी कर कापून घेतो आणि उरलेलं हातावर ठेवतो, आधी भरा म्हणत नाही. मी त्याला हे बोललोसुद्धा. ‘सर, आंतरराष्ट्रीय निधी आहे, त्यातून कापता येत नाही.’ ठीक. कोड स्कॅन केला तर पैसे घेणाऱ्याचं नाव उमटलं ते कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचं. अंगठा तसाच राहिला. विचारलं. ‘नोडल खातं आहे. पाचला पोर्टल बंद होईल आणि माताजींचं नाव गळेल.’ पावणेपाच झालेले. वहिनी शेजारीच. ‘भाऊजी, करून टाका आता.’ त्यांना दोष देत नाही, पण असं म्हणाल्या हे खरं आहे. केलं.

ते उमटलेलं नाव वाचा आणि तिथेच फोन ठेवा. पोर्टल बंद होऊ दे.

पुढे ‘ना हरकत’चे 36,000. शेवटी ‘जमा रक्कम पाहा’ म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, ती वहिनींच्या फोनमध्ये टाकली आणि खात्यातले 1,12,000 गेले. ओटीपी आम्ही कुणालाही सांगितला नाही, ते ॲपच मेसेज वाचत होतं. बँक म्हणते, तुम्हीच दिला असणार.

आणि मग सुरू झाली खरी वरात. ठाणं म्हणे पोलिसांच्या सायबर कक्षाकडे जा. सायबरवाले म्हणे बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणे आधी एफआयआर. ठाणं म्हणे एफआयआर सायबरच्या चौकशीनंतर. एका सरकारी कार्यालयातले बाबू म्हणाले, ‘अशी योजनाच नाही, तर तक्रार कसली?’ अहो, योजना नाही हीच तर तक्रार आहे! पंधरा ऑगस्टला शाल-नारळ द्यायला वहिनींना पहिल्या रांगेत बसवणारी हीच मंडळी, आणि त्या अर्ज घेऊन आल्या तर बसायला खुर्ची नाही. ठाण्यातला एक हवालदार त्यांच्यासमोर हसून म्हणाला, ‘लालच में आ गए अंकल.’ ज्या बाईला 1987 मध्ये फक्त तार मिळाली, देह नाही, तिच्यासमोर.

ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लागेपर्यंत लावा. पहिल्या तासात पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आम्ही ‘सकाळी बघू’ म्हणालो. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. कळवल्यानंतर खात्यातून आणखी काही गेलं तर ते बँकेच्या डोक्यावर, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, काउंटरवर कुणी सांगणार नाही. ठाणेदार तक्रार लिहून घेत नसेल तर तीच टपालाने एसपींना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी सोय आहे. मी कलमाचा आकडा म्हटल्यावरच समोरच्याने पेन उचललं.

आतापर्यंत 9,400 रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा हुकूम आणा, असं आम्हाला सांगितलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी वकील. ‘फसलेली सगळी रक्कम परत मिळवून देतो, 4,999 भरा.’ वहिनींनी फोन माझ्याकडे न देता स्वतःच त्याला शिव्या घातल्या, ग्वाल्हेरी हिंदीत, मी जन्मात ऐकल्या नव्हत्या अशा. तो नंबर मी सायबर कक्षाला लिहून दिलाय. पोच मागितली तर म्हणाले, साहेब आल्यावर या.