शहरी बेघर निवारा केंद्र : मुलाबाळांसह राहिल्यानंतरचा अभिप्राय

भाड्याची खोली सोडावी लागल्यानंतर आम्ही चौघे मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या निवारा केंद्रात राहिलो. अंथरूण-पांघरूण स्वच्छ होते. कुलूपबंद पेटी मिळाल्यामुळे दप्तरे व रेशनकार्ड सुरक्षित राहिले आणि सामाईक स्वयंपाकघरात पिठलं-भाकरी करून रोज संध्याकाळी सर्वांना एकत्र जेवता आले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मुलांची शाळा बुडू नये म्हणून व्यवस्थापक ताई सकाळी लवकर न्हाणीघर मोकळे करून देत. मात्र २०१३ मध्ये सुरू झालेल्या शहरी बेघर निवारा योजनेच्या निकषानुसार माणशी ५० चौरस फूट जागा हवी असताना येथे दाटीवाटी होती, शिवाय पुरुषांचा कक्ष वेगळा असल्याने धाकटा रात्री वडिलांसाठी रडत असे. कुटुंबांना स्वतंत्र खोली मिळालीच पाहिजे.