आफ्रिकेसाठी बेटावर पाय ठेवायचा: श्रीलंकेतलं कटुनायके की मॉरिशस फ्रीपोर्ट?

ड्युटीमाफी, करसवलत, पूर्ण परकीय मालकी हे थोड्याफार फरकाने दोन्हीकडे मिळतं. त्यावरून निवड करू नका.

शिलाईचाच कारखाना काढायचा असेल तर कटुनायकेचं पारडं जड आहे. 1978 पासूनचा हा निर्यातीच्या कारखान्यांचा झोन कोलंबोच्या विमानतळाजवळ आहे. शिकलेले हात आणि सुपरवायझर तयार मिळतात, कोलंबो बंदरात मोठ्या लाइनची जहाजंही सतत लागतात. मॉरिशसने 1970 मध्ये निर्यातीला सवलती दिल्या त्या कुंपण न घालता. कारखाना बेटावर कुठेही चालत असे, त्यामुळे तो थेट गावांत गेला आणि घरच्या बायका कामाला आल्या. युरोपात विनाशुल्क प्रवेश असल्याने हाँगकाँगचे कपडेवालेही आले. आज मात्र तिथे मजुरी चढली आहे, बांगलादेश-मादागास्करहून कामगार आणावे लागतात.

माल साठवून थोडा थोडा आफ्रिकेला पाठवायचा असेल तर 1992 पासूनचं मॉरिशसच्या राजधानीतलं, पोर्ट लुईचं फ्रीपोर्ट बघा, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवून पुढे पाठवायची जागा. माझा कल तिकडेच आहे, आणि त्याचं कारण पैशाची ये-जा.

2021 मध्ये श्रीलंकेने निर्यातदारांवर नियम घातला: डॉलर 180 दिवसांत देशात आणा आणि ठरलेले खर्च भागवून उरलेले श्रीलंकन रुपयांत बदला. मार्च 2022 च्या सुरुवातीपर्यंत डॉलर सुमारे 203 रुपयांवर धरून ठेवला होता, मे महिन्यात तो 360 च्या आसपास गेला. 10,000 डॉलर आधी बदलले असतील तर हातात 20,30,000 रुपये आले. पुढचं कापड मागवायला तेच रुपये परत फिरवले तर जेमतेम 5,640 डॉलर. करमाफी कितीही असली तरी हा खड्डा भरत नाही. परिस्थिती आता बरीच सावरली आहे हे मान्य, पण मनातली धाकधूक जात नाही. मॉरिशसने परकीय चलनावरचं नियंत्रण 1994 मध्येच उठवलं. डॉलर-युरोचं खातं ठेवा, नफा हवा तेव्हा बाहेर काढा. रुपया तिथलाही घसरतो, पण तो साठवायची सक्ती नाही.

मॉरिशसमध्ये लोक फसतात ते सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल मुळात कोणत्या देशाचा हे सांगणाऱ्या दाखल्यावर. भारतातून आलेली हळदीची गोणी फोडून 500 ग्रॅमची पाकिटं भरली, नवं लेबल चिकटवलं, तरी हळद भारतीयच राहते आणि केनियात कोमेसाची (आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांचा व्यापारगट) ड्युटी-सवलत मिळत नाही. कोमेसाच्या कसोट्यांपैकी एक म्हणजे कारखान्यातल्या किमतीत किमान 35 टक्के मूल्यवाढ. नुसत्या पॅकिंगवर ती दाखवायचा प्रयत्नही करू नका, हे काम मूल्यवाढीत धरलंच जात नाही. म्हणून ड्युटी पूर्ण धरूनच भाव द्या. उरलेला माल बेटावरच विकायचा म्हटलं तर तो आयात धरला जातो, त्यावर 15 टक्के व्हॅट आणि जी ड्युटी असेल ती लागते.

आणि कागदपत्रांची तारीख ठरवताना गणेश चतुर्थी बघा. मॉरिशसमध्ये तिची सरकारी सुट्टी असते, आणि ती सहसा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते.